वाळूतलं तेल आणि मागे उरलेलं पाणी

प्रश्न : माझी भाची कॅनडात, अल्बर्टा प्रांतात असते. तिच्या यजमानांची नोकरी तेलवाळूच्या खाणीत आहे. ते सांगतात, खाण संपली की तिथे पुन्हा जंगल लावतात, त्यात बायसन चरतात आणि पाणीही पुन्हा पुन्हा तेच वापरतात. मी मात्र वाचते की हे जगातलं सगळ्यात घाण तेल आहे. यातलं खरं काय मानायचं? आणि तेल ते तेलच. विहिरीतून काढलं काय किंवा वाळूतून काढलं काय, पर्यावरणाला एवढा फरक का पडावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

आपल्या ओळखीचं तेलक्षेत्र म्हणजे मुंबई हाय. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगनं तिथे विहीर खणली आणि तेल लागलं. तिथलं तेल चुनखडीच्या सच्छिद्र खडकात, दाबाखाली, द्रवरूपात आहे. विहीर तिथवर पोचली की ते वर यायला लागतं. पुढे दाब उतरला की पाणी सोडून त्याला रेटावं लागतं. उत्तर अल्बर्टातल्या अथाबास्का नदीच्या खोऱ्यातलं तेल असं वाहत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते भूपृष्ठाजवळ सरकलं, जिवाणूंनी त्यातला हलका भाग खाऊन टाकला आणि जड, चिकट बिट्युमेन वाळूच्या कणांना धरून मागे राहिलं. नेहमीच्या तापमानाला ते थंडीतल्या काकवीसारखं हलतं, म्हणजे जवळजवळ हलतच नाही. शंभर किलो तेलवाळूत बिट्युमेन असतं दहा-बारा किलो. बाकी सगळी वाळू, चिकणमाती आणि थोडं पाणी.

तिथल्या क्री या मूळ रहिवाशांना हे बिट्युमेन पूर्वापार माहीत होतं. डोंग्यांच्या फटी बुजवायला ते वापरत. वाळूपासून ते मोठ्या प्रमाणावर सुटं कसं करायचं, हा प्रश्न १९२० च्या दशकात कार्ल क्लार्क या रसायनशास्त्रज्ञानं सोडवला. गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा घालून वाळू घुसळली की बिट्युमेन फेसाबरोबर वर येतं. या पद्धतीवर १९६७ मध्ये पहिली मोठी खाण सुरू झाली आणि तत्त्व आजही तेच आहे.

आता ही खाण म्हणजे काय ते पाहा. आधी जंगल तोडायचं. मग दलदल सुकवायची. वरची माती आणि मुरूम उचलून बाजूला टाकायचे. मग खालची तेलवाळू खणून, साडेतीनशे टनांहून जास्त माल वाहणाऱ्या ट्रकांत भरून कारखान्यात न्यायची. एक बॅरल, म्हणजे १५९ लिटर तेलासाठी साधारण दोन टन तेलवाळू हाताळावी लागते. मुंबई हायमध्ये खडक जागेवर राहतो आणि तेल वर येतं. इथे सगळी जमीनच वर आणून धुवावी लागते. पर्यावरणाला पडणारा फरक तिथे सुरू होतो.

आणि खरा प्रश्न धुणं संपल्यावर उभा राहतो. बिट्युमेन काढून घेतल्यावर उरतं ते गढूळ पाणी. त्यात वाळू, बारीक चिकणमाती, क्षार, थोडं न सुटलेलं बिट्युमेन आणि नॅफ्थेनिक आम्लं असतात. ही आम्लं माशांना विषारी आहेत. हे पाणी मातीचे बांध घालून केलेल्या प्रचंड तळ्यांत सोडतात. वाळू लगेच तळाशी बसते. बारीक चिकणमाती मात्र बसत नाही, कारण ज्या कॉस्टिक सोड्यानं बिट्युमेन सुटतं, त्यानंच मातीचे कण पाण्यात विखुरतात. दोन-तीन वर्षांनी त्याचा लिबलिबीत गाळ होतो, त्यात घन पदार्थ जेमतेम तीस टक्के. त्यापुढे तो जवळजवळ तसाच राहतो. आपसूक घट्ट व्हायचा तर कित्येक दशकं, कदाचित शतकं लागतील. त्यावर ना चालता येतं, ना झाड लावता येतं.

साठा किती? १.३ लाख कोटी लिटरांहून अधिक. आपल्या धरणांच्या हिशेबात बोलायचं तर ४५ टीएमसीच्या पुढे. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी साठा होतो सुमारे २९ टीएमसी.

तुमच्या भाचीचे यजमान पाणी परत वापरतात म्हणतात, ते बरोबर आहे. खाणीत लागणारं बरंचसं पाणी या तळ्यांतूनच परत येतं. पण पुन्हा पुन्हा वापरल्यानं त्यातले क्षार आणि आम्लं दाट होत जातात. ते नदीत सोडायला परवानगी नाही, म्हणून ते साठत राहतं. शिवाय खाणीतल्या प्रत्येक बॅरलमागे दोन-तीन बॅरल ताजं पाणी अथाबास्का नदीतून घ्यावंच लागतं.

‘सगळ्यात घाण तेल’ या शब्दांत मला रस नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की गेल्या पंधरा-वीस वर्षांत जेव्हा जेव्हा कंपनीबाहेरच्या कुणी तिथे जाऊन मोजमाप केलं, तेव्हा तेव्हा आकडा वाढला. याची उदाहरणं जरा सविस्तर सांगतो, कारण खरं काय मानायचं, याचं माझं उत्तर त्यातच आहे.

एप्रिल २००८ मध्ये सिंक्रूड कंपनीच्या अशाच एका तळ्यावर स्थलांतर करणारी बदकं उतरली. बाहेर अजून बर्फ होता आणि तळ्याचं पाणी उघडं होतं, म्हणून ती तिथे उतरली. पक्ष्यांना हाकलणाऱ्या आवाजाच्या तोफा अजून लावलेल्या नव्हत्या. बिट्युमेननं पंख माखले आणि बदकं बुडाली. आधी सांगितलेला आकडा होता ५००. वर्षभरानं जाहीर झाला तो १,६०६. २०१० मध्ये न्यायालयानं कंपनीला दोषी ठरवलं आणि ३० लाख डॉलरचा दंड झाला. दंड ठरला त्याच महिन्यात गोठत्या पावसात सापडून पुन्हा शेकडो बदकं अशाच तळ्यांवर उतरली.

दुसरं उदाहरण नदीचं. अथाबास्काच्या काठावर बिट्युमेनचे थर उघडेच आहेत, ऊन पडलं की ते पाझरतात. म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की नदीतले तेलकट दूषित पदार्थ निसर्गाचेच आहेत. नदीवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम उद्योगाच्याच पैशावर चालत होता, आणि त्याचा निष्कर्षही तसाच होता. अल्बर्टा विद्यापीठातले डेव्हिड शिंडलर हे गोड्या पाण्याचे जगन्मान्य अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न साध्या पद्धतीनं सोडवला. नदीचं पाणी त्यांनी तीन जागी तपासलं : तेलवाळूच्या पट्ट्याच्या वर, पट्ट्यात पण खाणी नसलेल्या भागात आणि खाणींच्या खाली. दूषण निसर्गाचं असतं तर दुसऱ्या जागीही ते दिसायला हवं होतं. ते वाढलेलं दिसलं खाणी आणि कारखान्यांच्या आसपास. त्याहून मोलाची कल्पना होती बर्फ तपासण्याची. हिवाळाभर हवेतून जे पडतं ते बर्फात थरावर थर साचतं, मध्ये वाहून जात नाही. चार महिन्यांत कारखान्यांपासून पन्नास किलोमीटरच्या आत सुमारे ११,४०० टन धूलिकण बर्फावर पडले होते आणि त्यांत कर्करोगाशी संबंध असणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन्सही होती. वसंतात बर्फ वितळला की हे सगळं एकदम नदीत जातं, नेमकं माशांची अंडी फुटण्याच्या काळात. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षीच्या लेखात पारा, शिसं, कॅडमियम अशा मूलद्रव्यांचा हिशेब आला. त्यानंतर २०१२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं आणि अल्बर्टानं मिळून देखरेखीची नवी योजना जाहीर केली. म्हणजे आधीची पुरेशी नव्हती, हे सरकारांनीच मान्य केलं.

तिसरं हवेचं. कॅनडाच्याच पर्यावरण खात्याच्या आणि येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये विमानातून खाणींवरची हवा मोजली. जानेवारी २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आला : सेंद्रिय कार्बनी वायूंचं उत्सर्जन कंपन्यांनी नोंदवलेल्यापेक्षा वीस ते चौसष्ट पट जास्त. यात खोटेपणा असायलाच हवा असं नाही. ज्या संयुगांची नोंद करायचं बंधन होतं तेवढीच नोंदली गेली होती आणि बाकीची कुणी विचारलीच नव्हती. मला हे खोटेपणाहून गंभीर वाटतं. खोटं पकडता येतं, न विचारलेला प्रश्न पकडायला विमान न्यावं लागलं.

आता जंगलाचं. बायसन आहेत. सिंक्रूडच्या पुन्हा माती भरलेल्या जमिनीवर १९९३ पासून त्यांचा कळप आहे आणि तिथली झाडंही खरी आहेत. पण सरकारनं ‘पूर्ववत झाली’ असा दाखला दिलेली पहिली जमीन म्हणजे गेटवे हिल, १०४ हेक्टर, वर्ष २००८. ती मुळात खाणीवरून उचललेल्या माती-मुरुमाचा ढीग होती, गाळाचं तळं कधीच नव्हती. गाळाचं पहिलं तळं भरून त्यावर रोपं लावली गेली ती २०१० मध्ये, आणि त्यासाठी तिथला न बसणारा गाळ बराचसा दुसऱ्या तळ्यात हलवावा लागला. मूळच्या जागी होतं काय? हजारो वर्षांत साचलेलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची दलदल. तिच्यात कार्बन कोंडलेला असतो. तिच्या जागी टेकडी आणि स्प्रूसची झाडं उभी करता येतात, पण दलदल माणसाला अजून मोठ्या प्रमाणावर बनवता आलेली नाही. २०१२ च्या एका अभ्यासानं हिशेब मांडला की तेव्हा मंजूर झालेल्या खाणींमुळे सुमारे २९,५०० हेक्टर दलदल कायमची जाणार आहे.

तेव्हा तुमच्या भाचीच्या यजमानांनी पाहिलेलं खरं आहे. ते एकूण खणलेल्या जमिनीच्या किती भागाला लागू पडतं, एवढं मात्र त्यांना जरूर विचारा.

प्रश्न : सगळीकडेच खाणी आहेत का? वाफेनं तेल काढण्याची स्वच्छ पद्धत निघाली आहे असं वाचलं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खणून काढण्याजोगी तेलवाळू एकूण साठ्याच्या पाचव्या भागाएवढीच आहे. बाकी खोल आहे. तिथे एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी घेतात, मध्ये पाचेक मीटरचं अंतर. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, बिट्युमेन वितळून खालच्या विहिरीत झिरपतं, ते पंपानं वर घ्यायचं. रॉजर बटलर या अभियंत्याची ही कल्पना आणि आज निम्म्याहून अधिक उत्पादन अशा वाफेच्या पद्धतींनी होतं. यात गाळाची तळी लागत नाहीत आणि ताजं पाणी खूप कमी लागतं. हे दोन्ही फायदे मोठे आहेत.

पण वाफ करायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो, आणि तो पुष्कळ लागतो. शिवाय विहिरी, वाहिन्या, रस्ते आणि भूकंपलहरींनी सर्वेक्षण करायला पाडलेल्या सरळसोट वाटा यांनी जंगलाचे तुकडे होतात. या वाटांवरून लांडग्यांना सहज पळता येतं आणि कॅरिबू हरणं त्यांच्या तावडीत सापडतात. कॅरिबू वाचवायला अल्बर्टा सरकारनं लांडगे मारले. मूळ वाटा बुजवण्याचं काम त्यामानानं फार सावकाश चाललं आहे, आणि ते मला अजिबात पटत नाही.

जमिनीखाली सगळं सुरक्षित राहतं असंही नाही. २०१३ मध्ये कोल्ड लेकजवळच्या प्रिमरोज क्षेत्रात, जिथे दाबानं वाफ सोडण्याची याच्याच नात्यातली पद्धत वापरत होते, चार ठिकाणी बिट्युमेन जमिनीतून वर आलं. त्यातलं एक ठिकाण तळ्याच्या तळाशी होतं. दहा लाख लिटरांहून अधिक बिट्युमेनमिश्रित द्रव गोळा करावा लागला.

प्रश्न : तिथल्या मूळ रहिवाशांचा याला विरोध आहे की पाठिंबा? बातम्यांत दोन्ही दिसतं.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही आहे, आणि पुष्कळदा एकाच गावात आहे.

फोर्ट मॅके हे गाव खाणींच्या वेढ्यात आहे. १९८६ मध्ये त्यांनी स्वतःचा उद्योगसमूह काढला आणि खाणींची कंत्राटं घेतली. २०१७ मध्ये फोर्ट मॅके आणि मिकिसू क्री या दोन समाजांनी मिळून सनकोर कंपनीच्या तेलटाक्यांच्या एका प्रकल्पात ४९ टक्के वाटा सुमारे ५० कोटी डॉलरना घेतला. याच फोर्ट मॅकेनं मूस लेकचा परिसर वाचवायला न्यायालयात धाव घेतली आणि २०२० मध्ये अल्बर्टाच्या अपील न्यायालयानं तिथल्या एका प्रकल्पाची मंजुरी रद्द केली. जंगल आणि नदी दोन्ही हातची गेल्यावर उत्पन्नाचा जो मार्ग उरतो तो धरायचा आणि जेवढा तुकडा वाचवता येईल तेवढा लढून वाचवायचा. यात मला विसंगती दिसत नाही.

फोर्ट चिपेवियनची गोष्ट वेगळी आहे. हे गाव नदीच्या खालच्या अंगाला, अथाबास्का सरोवराच्या काठी. लोकसंख्या हजारेक. उन्हाळ्यात बोटीनं किंवा विमानानं, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरच्या रस्त्यानं जायचं. मासे, मूस हरणं आणि पाणपक्षी हे इथलं रोजचं अन्न. २००६ मध्ये गावाला सेवा देणारे डॉक्टर जॉन ओकॉनर यांनी दुर्मीळ कर्करोगांबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. केंद्रीय आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी उलट त्यांच्याविरुद्धच ‘विनाकारण घबराट’ पसरवल्याची तक्रार केली. त्यातून ते पुढे निर्दोष सुटले. २००९ मध्ये प्रांताच्या कर्करोग मंडळानं आकडे दिले : १९९५ ते २००६ या काळात ३९ कर्करोग अपेक्षित होते, नोंदले गेले ५१. एवढ्या लहान गावात बारा कर्करोगांचा फरक योगायोगानंही येऊ शकतो, हे संख्याशास्त्र सांगतं. खाणींमुळेच कर्करोग झाला हे सिद्ध झालेलं नाही. खाणींचा संबंध नाही हेही सिद्ध झालेलं नाही. ज्या गावानं शंका विचारली त्याला उत्तर मिळेपर्यंत माशांची आणि पाण्याची कसून तपासणी होत राहणं हा त्याचा हक्क होता.

त्याऐवजी काय झालं पाहा. मे २०२२ मध्ये इंपीरियल ऑइलच्या कर्ल खाणीजवळ रंग बदललेलं पाणी आढळलं. गाळाच्या तळ्यातलं पाणी जमिनीखालून झिरपत होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच खाणीतल्या दुसऱ्या एका साठवण तळ्यातून ५३ लाख लिटर दूषित पाणी वाहून गेलं, प्रांताच्या नियामकानं आदेश काढला आणि तेव्हा कुठे गावांना आधीच्या गळतीचा पत्ता लागला. मधले नऊ महिने माणसं तिथे शिकार करत होती, मासे धरत होती. अथाबास्का चिपेवियन समाजाचे प्रमुख अ‍ॅलन अ‍ॅडम यांनी संसदीय समितीपुढे जाऊन याचा जाब विचारला. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. पुढच्या वर्षी नियामकानं दंड केला तो ५० हजार डॉलर. हा आकडा वाचून मी पुन्हा पडताळला, इतका तो मला अविश्वसनीय वाटला.

प्रश्न : हवामानबदलाच्या दृष्टीनं या तेलाचा दोष नेमका किती? पेट्रोल शेवटी गाडीतच जळतं ना?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : बरोबर मुद्दा आहे. कोणत्याही तेलाचं बहुतांश उत्सर्जन, साधारण सत्तर ते ऐंशी टक्के, ते इंजिनात जळताना होतं. त्यामुळे विहिरीपासून चाकापर्यंतचा सगळा हिशेब केला तर तेलवाळूचं तेल अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सरासरी तेलापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त उत्सर्जन करतं. अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन सेवेचा हा आकडा आहे. फक्त काढण्याचा आणि शुद्ध करण्याचा टप्पा पाहिला तर फरक कितीतरी मोठा दिसतो. उद्योग पहिला आकडा सांगतो, विरोधक दुसरा. दोन्ही खरे आहेत.

पण सतरा टक्के म्हणून सोडून द्यावं असं ते नाही. कॅनडाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे बारा टक्के एकट्या तेलवाळूतून येतात. प्रत्येक बॅरलमागचं उत्सर्जन कमी केल्याचं कंपन्या सांगतात, आणि काही प्रमाणात ते झालंही आहे. पण बॅरल इतके वाढले की बेरीज वाढतच गेली. मोजणीचा प्रश्न इथेही आहेच : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विमान-निरीक्षणांत चार खाणींचं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण नोंदीपेक्षा ६४ टक्के जास्त निघालं. दलदल खणल्यानं मोकळा झालेला कार्बन नेहमीच्या हिशेबात पुरता धरलाही जात नाही.

आणि हवामानबदलाची झळ ज्यांना लागते ती माणसं तिथलीही आहेत. मे २०१६ च्या वणव्यात तेलनगरी फोर्ट मॅकमरेमधून ऐंशी हजारांहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. २०२३ च्या वणव्यात अख्खं फोर्ट चिपेवियन बोटींनी आणि विमानांनी हलवावं लागलं. कर्ल खाणीतल्या गळतीची बातमी कळून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

प्रश्न : हे तेल भारतात येतं का? आणि अमेरिकेतल्या शेल तेलाचं काय, ते याच प्रकारचं का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : येतं. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन वाहिनीचं विस्तारित काम पूर्ण झालं आणि अल्बर्टाचं तेल प्रशांत महासागराच्या काठी मोठ्या प्रमाणावर पोचू लागलं. त्याच उन्हाळ्यात रिलायन्सनं जामनगरसाठी त्यातलं सुमारे वीस लाख बॅरल तेल घेतल्याच्या बातम्या आल्या. जामनगरसारख्या शुद्धीकरण कारखान्याला जड तेल पचवता येतं, आणि जड तेल स्वस्त पडतं. आपल्या पंपावरच्या पेट्रोलात त्याचा अंश आहे की नाही हे सांगण्याची सोय नाही.

वाहतुकीतली एक अडचण इथेच सांगायला हवी. बिट्युमेन नळातून वाहावं म्हणून त्यात हलकं पातळ तेल मिसळतात. जुलै २०१० मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मार्शल गावाजवळ एनब्रिजची अशी एक वाहिनी फुटली. नियंत्रण कक्षात इशारे वाजत असूनही सतरा तास उलटेपर्यंत गळती ओळखली गेली नाही. नेहमीचं तेल पाण्यावर तरंगतं, ते वरून गोळा करता येतं. इथे पातळ भाग हवेत उडून गेला आणि जड बिट्युमेन कॅलमझू नदीच्या तळाशी गेलं. नदीचा गाळ उपसण्याचं काम तीन-चार वर्षं चाललं, खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर गेला.

शेल तेल वेगळं. तिथे तेल पातळ असतं, पण खडक इतका घट्ट की पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं सोडून त्याला भेगा पाडाव्या लागतात. विहिरी लवकर आटतात, म्हणून सतत नव्या खणाव्या लागतात. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी पुन्हा खोल जमिनीत दडपतात, आणि त्याचे परिणाम ओक्लाहोमानं भोगले. २००९ आधी तिथे तीन रिश्टरच्या वरचे भूकंप वर्षाला एक-दोन व्हायचे. २०१५ मध्ये ते नऊशेच्या घरात गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. मग पाणी दडपण्यावर निर्बंध आले आणि धक्के कमी झाले. गाळाच्या तळ्यांच्या मानानं हा दोष निदान थांबवता येण्यासारखा निघाला.

प्रश्न : उद्या तेलाची मागणी घटली आणि कंपन्या निघून गेल्या, तर ती तळी कोण निस्तरणार?
— एक निवृत्त अभियंता, नागपूर

उत्तर : कायद्यानं कंपन्याच. हिशेबानं पाहिलं तर बहुधा अल्बर्टाचे करदाते.

२००९ मध्ये नियामकानं नियम केला की गाळाचा ठरावीक भाग दरवर्षी घट्ट करून दाखवायचाच. कंपन्यांना ते जमलं नाही. दंड कुणालाही झाला नाही आणि २०१५ मध्ये तो नियमच मागे घेतला गेला. त्या जागी आलेली चौकट कितीतरी सैल आहे. आता भर आहे तो खाणीच्या खड्ड्यात गाळ भरून त्यावर ताजं पाणी सोडून सरोवर करण्यावर. अशी वीसहून अधिक सरोवरं आराखड्यांत आहेत. पहिलं पूर्ण आकाराचं प्रायोगिक सरोवर, बेस माइन लेक, २०१२ च्या सुमारास तयार झालं. त्यात मासे जगू लागतील, पाणी नदीला जोडता येईल, असं अजून कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. प्रयोगाचा निकाल यायच्या आधीच बाकीच्या खाणींनी त्याच उत्तरावर भिस्त ठेवली आहे.

पैशांचं सांगायचं तर अल्बर्टाच्या महालेखापालांनी २०१५ मध्ये दाखवलं की खाणींची जमीन पूर्ववत करायचा अंदाजित खर्च २,०८० कोटी डॉलर आणि सरकारकडे त्यापोटी अनामत होती १५७ कोटी. नियमाप्रमाणे कंपन्यांना मोठी अनामत भरायला लागते ती खाणीत पंधरा वर्षांचं तेल उरल्यावर, आणि तोवर जमिनीतलं तेल हीच त्यांची पत धरली जाते. तेलाचा भाव पडला की ही पतही पडते, म्हणजे नेमकी गरज लागेल तेव्हा तारण हलकं झालेलं असतं. तुम्ही अभियंता आहात, खाणीला मंजुरी देताना तुम्ही काय मागितलं असतंत? मी पहिल्या फावड्याआधी संपूर्ण रक्कम रोख मागितली असती, आणि खर्चाचा अंदाज कंपनीबाहेरच्या माणसाकडून करून घेतला असता. अल्बर्टानं यातलं काहीही केलेलं नाही.